लकडगंजची झोप आणि सभागृहांचा नफा

नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज या वस्तीला तिचे नाव तिच्या धंद्याने दिले आहे. लाकडाच्या वखारी आणि आरामशिनी ही तिची जुनी ओळख. शेजारी इतवारीची घाऊक बाजारपेठ आहे, लगत बगडगंजची दाट वस्ती आहे, क्वेटा या दूरच्या शहराचे नाव धारण करणारी क्वेटा कॉलनी आहे, आणि थोड्या अंतरावर कळमन्याचा धान्य-भाजीचा मोठा बाजार आहे. महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एका झोनला याच वस्तीचे नाव आहे. येथे घर आणि धंदा एकमेकांना चिकटून राहतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, पुढच्या अंगाला वखार आणि मागच्या अंगाला चाळ, अशी ही रचना. येथल्या माणसाचा दिवस लवकर उजाडतो. बाजारात माल उतरवणारा हमाल पहाटे घराबाहेर पडतो, आणि आरामशिनीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराचे लक्ष क्षणभर ढळले तर त्याच्या बोटांचा भरवसा उरत नाही. अशा माणसाच्या दृष्टीने रात्रीची झोप हे दुसऱ्या दिवसाच्या मजुरीचे भांडवल असते.

या भांडवलावर गेल्या काही वर्षांत एक नवा हक्कदार उभा राहिला आहे. सेंट्रल अॅव्हेन्यूपासून वर्धमाननगर, पारडी आणि भंडारा रस्त्यापर्यंत समाजभवने, वातानुकूलित सभागृहे आणि नागपुरात ज्यांना सर्रास ‘लॉन’ म्हणतात ती उघडी समारंभस्थळे पसरली आहेत. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की त्यांचा हंगाम सुरू होतो, आणि मधले काही खंड वगळता तो पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. लग्नाच्या जोडीला आता स्वागतसमारंभ, संगीत, वाढदिवस, लग्नाचा वर्धापनदिन असे निमित्तांचे पीकही आले आहे. वरातीबरोबर डीजे येतो, डीजेबरोबर जनरेटर येतो, मध्यरात्रीच्या सुमारास फटाके येतात, पाहुण्यांच्या मोटारी गल्लीची तोंडे अडवतात, आणि सकाळी उष्ट्या पत्रावळींच्या ढिगावर मोकाट जनावरे जमतात. याविषयी तक्रारी होतात, पोलिसांची गाडी येते, आवाज थोडा वेळ उतरतो आणि गाडी वळताच पुन्हा चढतो. हा क्रम एकट्या लकडगंजचा नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या शहरात, जिथे जिथे दाट वस्तीच्या मध्ये समारंभाचा धंदा शिरला, तिथे तिथे हेच दिसते.

या प्रश्नाकडे मध्यमवर्गीयांच्या कटकटीचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय डाव्या चळवळीतही आहे. महागाई, बेकारी, घरांची टंचाई हे खरे प्रश्न, आणि डीजेचा आवाज ही सुखवस्तूंची कुरकुर, असा हा समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. कारण आवाजाचा प्रश्न मुळात मालमत्तेचा प्रश्न आहे. कोणाच्या नफ्याची किंमत कोण मोजतो, हा अर्थशास्त्रातला सर्वांत जुना प्रश्न येथे कर्णे लावून विचारला जात आहे.

प्रसंग आणि धंदा

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एखाद्या कुटुंबात लग्न निघते, दारापुढे मांडव पडतो, ताशा वाजतो, शेजारी जेवून जातात. त्या रात्री गल्ली झोपत नाही आणि कोणी तक्रारही करत नाही. आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी, असा हा परस्परांनी सोसण्याचा करार असतो. गोंगाट सोसणारा त्या आनंदात सहभागी असतो आणि उद्या स्वतः गोंगाट करण्याचा त्याचा हक्क मान्य असतो. समाजजीवन अशाच न लिहिलेल्या करारांवर चालते, आणि पोलिसांनी त्यात नाक खुपसण्याचे कारण नाही.

लॉनचा व्यवहार याहून सर्वस्वी वेगळा आहे. तेथे लग्न लावणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला एकच रात्र येते, शेजाऱ्यांच्या वाट्याला मात्र अख्खा हंगाम येतो. पाहुणे शहराच्या दुसऱ्या टोकाचे असतात, त्यांची आणि गल्लीची ओळख नसते. ज्याच्या जागेत हे घडते तो मालक त्या गल्लीत झोपत असेलच असे नाही. परस्परतेचा करार येथे संपतो आणि एकतर्फी व्यवहार सुरू होतो. म्हणून लॉनविरुद्धची तक्रार ही लग्नाविरुद्धची, आनंदाविरुद्धची किंवा परंपरेविरुद्धची तक्रार ठरत नाही. ती एका धंद्याविरुद्धची तक्रार आहे, आणि धंद्याला जे नियम लागू होतात तेच तिथे लागू झाले पाहिजेत.

किंमत कोण मोजतो?

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की उत्पादकाचा खाजगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत तफावत असते. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे कपडे काळे होतात, पण धुण्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबवहीत चढत नाही. कार्ल विल्यम कॅप यांनी १९५० साली याच विचाराला अधिक धार दिली. त्यांचे म्हणणे असे की ही तफावत बाजारव्यवस्थेतला अपघात म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या खर्चाचा जितका भाग दुसऱ्याच्या माथी मारता येईल तितका मारणे हा खाजगी धंद्याचा स्वभावच आहे. लॉनमालक भाडे, विजेचे बिल आणि नोकरांचा पगार हिशेबात धरतो. हमालाची मोडलेली झोप, परीक्षेला बसलेल्या मुलीची वाया गेलेली रात्र, हृदयविकाराच्या रुग्णाची धडधड यांपैकी काहीही त्याच्या वहीत येत नाही. हा सारा खर्च वस्ती भरते. म्हणजे वस्ती लॉनमालकाला दर रात्री अनुदान देते, आणि ते तिला न विचारता वसूल केले जाते.

यावर बाजारवादी पंडितांचे उत्तर ठरलेले आहे. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली सामाजिक खर्चाच्या प्रश्नावर लिहिलेल्या गाजलेल्या निबंधात असा युक्तिवाद मांडला की वाटाघाटीला खर्च येत नसेल आणि हक्क स्पष्ट असतील, तर दोन्ही पक्ष आपसांत सौदा करून कार्यक्षम तोडगा काढतील. त्यांनी घेतलेले एक उदाहरण नेमके आवाजाचेच होते. लंडनमध्ये एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्यांच्या दणक्यांनी शेजारच्या डॉक्टरला रोगी तपासणे अशक्य झाले, आणि १८७९ साली न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोस यांनी स्वतः मान्य केले होते की प्रत्यक्ष जगात वाटाघाटीला मोठा खर्च येतो. त्यांच्या अनुयायांना ही कबुली सोयीस्करपणे विसरता आली. बगडगंजमधल्या भाडेकरू कुटुंबाने लॉनमालकाशी कोणत्या टेबलावर बसून सौदा करायचा? मिठाईवाला आणि डॉक्टर यांच्यात निदान बरोबरी होती. येथे एका बाजूला वकील, ओळखी आणि हंगामाची कमाई आहे. दुसऱ्या बाजूला पहाटे कामावर जाण्याची घाई आहे.

त्याच १८७९ च्या निकालात न्यायमूर्तींनी केलेले एक विधान समाजवाद्यांनी विसरू नये. लंडनच्या श्रीमंत बेलग्रेव्ह चौकात जो उपद्रव ठरेल तो कातडी कमावणाऱ्यांच्या बर्मंडसी वस्तीत उपद्रव ठरेलच असे नाही, अशा आशयाचे ते विधान होते. वस्तीच्या दर्जाप्रमाणे तिच्या शांततेचाही दर्जा ठरवण्याची ही दृष्टी आहे. सिव्हिल लाइन्सची शांतता ही शांतता आणि लकडगंजची शांतता ही चैन, असा तिचा नागपुरी अनुवाद होईल. इंग्लंडच्या न्यायशास्त्रात तिला जे स्थान असेल ते असो. समतेचा विचार मानणाऱ्या समाजात तिला स्थान असता कामा नये.

विश्रांतीची मागणी ही कामगारांची मागणी आहे

कामगार चळवळीचा इतिहास पाहिला तर विश्रांतीचा हक्क ही सुखवस्तूंची मागणी नव्हती हे ध्यानात येते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतील गिरणी कामगारांना एकत्र करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी होती. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी रक्त सांडले ते आठ तासांच्या दिवसासाठी. दिवसाचे तीन समान भाग करून त्यांतला एक श्रमासाठी, एक विश्रांतीसाठी आणि एक स्वतःच्या जीवनासाठी, ही त्या मागणीमागची कल्पना होती. नागपुरात १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने शहराच्या कित्येक पिढ्यांना भोंग्याच्या तालावर जगायला लावले. तो भोंगा कर्कश होता, पण कामगारांच्या संघटनेला त्याच्याशी भांडता येत होते, पाळीचे तास ठरवून घेता येत होते. २००२ साली ती गिरणी बंद झाली. गिरणीच्या फाटकाआत विश्रांतीचा जो हक्क कामगारांनी झगडून मिळवला, तो फाटकाबाहेर, त्यांच्या स्वतःच्या खोलीत, आज कोणीही भाड्याने घेतलेल्या कर्ण्यांनी हिरावून घेऊ शकतो. कामाचे तास आठ ठरले आणि विश्रांतीचे आठ तास मात्र लिलावात निघाले, तर पहिल्या विजयाचा अर्थ काय उरला?

कायदा काय म्हणतो?

कायदा नाही, अशी सबब येथे चालणार नाही. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे. सूट आहे ती बंदिस्त सभागृहांना, आणि तीही आवाज आतल्या आत राहण्यासाठी. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून १५ पेक्षा अधिक नसलेल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. २०१० च्या दुरुस्तीनुसार खाजगी जागेच्या हद्दीवर त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक आवाज जाता कामा नये. लॉन ही व्याख्येनेच उघडी जागा आहे. तेव्हा रात्री दहानंतर तेथे डीजे वाजत असेल तर डेसिबल मोजण्याचीही आवश्यकता नाही. घड्याळ पुरेसे आहे.

डेसिबलचे गणित सामान्य बेरजेचे नाही, हेही समजून घेतले पाहिजे. दहा डेसिबलने आकडा वाढला म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर ४० डेसिबलची शिफारस केली. भारतीय निवासी क्षेत्राची ४५ ची मर्यादा त्याहून सैल आहे, आणि व्यापारी क्षेत्राची ५५ ची मर्यादा निवासी मर्यादेच्या दसपट ऊर्जेला परवानगी देते.

लकडगंजच्या दृष्टीने खरी गोम येथेच आहे. नियमांच्या अनुसूचीत एक छोटी टीप आहे: मिश्र स्वरूपाच्या क्षेत्राला सक्षम प्राधिकरण चारपैकी कोणत्याही एका वर्गात घालू शकते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेली वस्ती निवासी की व्यापारी? लेखणीच्या एका फटकाऱ्याने तिला व्यापारी ठरवले की तिथल्या हजारो माणसांच्या रात्रीतून दहा डेसिबलची शांतता कायदेशीरपणे काढून घेता येते. ज्यांना दुकानापासून दूर, स्वतंत्र वसाहतीत राहणे परवडते त्यांना ४५. ज्यांना कामाच्या जागेवरच राहावे लागते त्यांना ५५. बर्मंडसीचा न्याय असा अनुसूचीच्या तळटिपेतून परत येऊ शकतो. मिश्र वस्तीत माणसे झोपत असतील तर रात्रीपुरती ती निवासीच मानली पाहिजे, ही मागणी म्हणूनच प्राथमिक आहे.

न्यायालयांनीही आपले काम केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये ध्वनिप्रदूषणावर दिलेल्या निकालाच्या मुळाशी दिल्लीतील एक भीषण घटना होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि परिसरातील कर्ण्यांच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. गोंगाट माणसांना एकमेकांपासून तोडतो, मदतीची हाक बुडवतो, ही गोष्ट त्या प्रकरणाइतकी स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल देऊन पोलिसांना आणि महापालिकांना त्यांची कर्तव्ये आखून दिली. कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने धार्मिक स्थळांच्या ध्वनिक्षेपकांसंबंधी निर्णय देताना तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, आणि प्रथम समज, मग दंड, मग जप्ती अशी चढती पायरी वापरावी, असे सांगितले. कागदावर काहीच उणे नाही.

कारवाई कोणावर होते?

उणे आहे ते अंमलबजावणीत, आणि तेथेही केवळ शिथिलता हा दोष नाही; कारवाईची दिशाच चुकीची आहे. रात्री पोलीस येतात तेव्हा त्यांच्या हाती सापडतो डीजे चालवणारा तरुण. त्याने कर्ज काढून यंत्रणा घेतलेली असते. ती जप्त होते, त्याचा हंगाम बुडतो. कधी वरपक्षाच्या एखाद्या काकांना दटावले जाते. जागेचा मालक मात्र या चित्रात कोठेही दिसत नाही. त्याने जागा भाड्याने दिलेली असते, भाडे आगाऊ घेतलेले असते, आणि दुसऱ्या रात्री त्याच जागेत दुसरा डीजे उभा राहतो. नफा मालकाचा आणि दंड मजुराचा, ही वाटणी पोलिसी कारवाईतही जशीच्या तशी टिकून राहते.

दंडाचेही असेच आहे. पर्यावरण अधिनियमातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने काढून टाकली, आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. वरची रक्कम मोठी दिसते. पण प्रत्यक्षात आकारला जाणारा दंड एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कमी असेल तर तो दंड राहत नाही, ती आवाजाची किंमत होते. मालक ती ग्राहकाच्या बिलात चढवतो आणि शांततेचा भंग रीतसर विकत मिळू लागतो. धंद्याला खरी भीती असते ती परवाना जाण्याची, फाटकाला कुलूप लागण्याची.

ते कुलूप लावता येत नाही असे मुळीच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची साथ पुन्हा वाढली तेव्हा २५ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात नागपुरातील मंगल कार्यालये, लॉन आणि सभागृहे एका आदेशाने बंद ठेवण्यात आली. महानगरपालिकेचे उपद्रव शोध पथक त्या काळात समारंभस्थळी जाऊन पाहुण्यांची संख्या मोजत होते आणि दंड करत होते. कोणते लॉन कोठे आहे, त्याचा चालक कोण, तेथे किती माणसे जमली, हे सारे तेव्हा शासनाला कळत होते. जे साथीत शक्य झाले ते एरवी अशक्य आहे, हे कोणत्या तर्काने पटावे?

एरवी जबाबदारी तीन दारांत वाटली जाते. ध्वनिक्षेपक पोलिसांचा विषय, बांधकाम आणि वापराची परवानगी नियोजन प्राधिकरणाचा, मोजमाप प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. केंद्रीय मंडळाने २०११ पासून सात महानगरांत आवाज मोजण्याची कायम केंद्रे उभारली; त्या सातांत नागपूर नव्हते. मोजमाप नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून कारवाई नाही, या चक्रात रहिवासी फिरत राहतो.

परवान्याची शिथिलता केवळ झोपच घेते असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे गेली. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथे एका नाइट क्लबच्या आगीत २५ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांतले बहुसंख्य तेथे राबणारे कामगार होते. आवाजाच्या नियमांकडे डोळेझाक करणारे प्रशासन अग्निसुरक्षेच्या नियमांकडे डोळे उघडे ठेवील, ही अपेक्षा भाबडी आहे. दोन्ही नियम एकाच फाटकातून आत जातात किंवा दोन्ही बाहेर राहतात.

अमेरिकेतही हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. तेथे घरे एका-दोन रात्रींसाठी भाड्याने देण्याचा धंदा वाढला आणि निवासी गल्ल्यांत ‘पार्टी हाऊस’ अवतरली. लॉस एंजेलिस नगरपरिषदेने २०१८ साली अशा घरांविरुद्ध नियम केला. त्यात वारंवार भंग झाल्यास दंड वाढत जातो आणि मालक प्रत्यक्ष हजर नसला तरी जबाबदारीतून सुटत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरिंडा येथे अशाच भाड्याच्या घरातील मेजवानीत गोळीबार होऊन पाच जण मेले, आणि त्यानंतरच एअरबीएनबी या कंपनीने अशा घरांवर बंदी जाहीर केली. भांडवलशाहीच्या माहेरघरालाही अखेर मालकाच्याच दारात जावे लागले, हा त्यातला धडा आहे.

आक्षेपांचा विचार

कारवाईविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींचा प्रामाणिक विचार झाला पाहिजे. पहिला रोजगाराचा. लॉनच्या जिवावर आचारी, वाढपी, बँडवाले, बिछायतवाले, दिव्यांच्या माळा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाया जगतात. हे खरे आहे. परंतु रात्री दहाला आवाज थांबला म्हणून जेवण शिजणे थांबत नाही. डीजेच्या भिंतींनी तर बँडवाल्यांचाच धंदा बुडवला आहे. वीस माणसांचे पोट भरणाऱ्या पथकाची जागा एका यंत्राने आणि दोन मुलांनी घेतली. समारंभ दिवसा झाले, वेळेत आटोपले, तर मध्यरात्री भांडी घासून पहाटे पायी घरी जाणाऱ्या वाढप्यालाही आपल्या लेकरांत परतता येईल. रोजगाराच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्या किती मालकांनी या माणसांना रात्रपाळीचे जादा वेतन दिले, हेही त्यांना विचारले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आवाजाचा कायदा निवडक रीतीने वापरला जातो. २०२२ साली मशिदींवरील भोंग्यांविरुद्ध राज ठाकरे यांनी मुदत देऊन जे वातावरण तापवले, त्यात ध्वनिप्रदूषणाची चिंता किती आणि अल्पसंख्याकांना धमकावण्याची हौस किती, हे महाराष्ट्राने पाहिले. ज्यांना पहाटेच्या पाच मिनिटांचा त्रास होतो त्यांना पाच तासांच्या डीजेचा होत नाही, ही श्रवणशक्ती वैद्यकीय नव्हे, राजकीय आहे. परंतु कायद्याचा दुरुपयोग होतो म्हणून कायदाच नको, हे उत्तर नव्हे. यावरचा उपाय एकच: मोजपट्टी सर्वांना सारखी. मशीद, मंदिर, विहार, मिरवणूक, लॉन आणि राजकीय सभा, साऱ्यांसमोर तेच यंत्र आणि तेच घड्याळ धरले जावे. समान मोजपट्टीचा आग्रह हाच धर्मांध राजकारणाला सर्वांत अधिक अडचणीचा ठरतो.

कार्यकर्त्यांचे काम

लकडगंजसारख्या वस्तीत कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. झोनमधील प्रत्येक समारंभस्थळाची परवानगी, वापराचा प्रकार, वाहनतळ आणि अग्निसुरक्षा प्रमाणपत्र यांची यादी माहितीच्या अधिकारात मिळवून ती मोहल्ल्याच्या फलकावर लावावी. मिश्र वस्ती रात्री निवासी मानावी, असा ठराव नागरिकांच्या सभांतून संमत करून घ्यावा. परवान्यातच अशी अट घालण्याची मागणी करावी की आवाजाच्या भंगाला जागेचा मालक पहिला जबाबदार राहील आणि तिसऱ्या भंगाला परवाना निलंबित होईल. हद्दीवर कायमचे मोजणी यंत्र मालकाच्या खर्चाने बसावे आणि त्याचा आकडा रस्त्यावरून दिसावा. जप्त झालेल्या यंत्रणेमागच्या तरुणाशी भांडण नको. त्याला आणि बँडवाल्याला या मागणीत सामील करून घ्यावे, कारण वेळेचे बंधन मालकावर आले तर भुर्दंड त्यांच्या माथी येणार नाही. तक्रार एकट्या घराने करू नये. एकट्याच्या तक्रारीला वैराचे स्वरूप येते. वीस घरांच्या सह्यांना मागणीचे स्वरूप येते.

आणि कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरांचे काय? जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताशिवाय, अल्प खर्चात विवाह लावण्याची प्रथा सुरू केली. कर्ज काढून लग्न करू नये, ही शिकवण त्या परंपरेने महाराष्ट्राला दिली. पुढे समाजवादी चळवळीतल्या कितीतरी जोडप्यांनी नोंदणी विवाह करून चहापानावर समारंभ उरकले. आज त्याच विचाराच्या घरांतून वरात निघते तेव्हा तिच्यापुढे भिंतीएवढे कर्णे का चालतात, हा प्रश्न शेजारी विचारणारच. दिवसा लावलेले, वस्तीला बोलावून केलेले साधे लग्न हा या आंदोलनाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक ठराव आहे. तो आधी घरात संमत झाला पाहिजे.

शहरातील जमीन, पाणी, रस्ते यांच्या वाटणीसाठी चळवळीने झगडे दिले. शांतता हीदेखील तशीच सार्वजनिक संपत्ती आहे. ती कोणी निर्माण करत नाही, म्हणून कोणी विकूही नये. ज्याच्याजवळ जाड भिंती, दुहेरी काचा आणि वातानुकूलित खोल्या आहेत तो स्वतःपुरती शांतता विकत घेईल. ज्याचे पत्र्याचे छप्पर आणि उघडी खिडकी आहे त्याच्यासाठी ती एकतर सर्वांची असते किंवा नसतेच. लकडगंजचा हमाल पहाटे चारला उठणार आहे. रात्री दहानंतरचे सहा तास त्याचे आहेत, हे शासनाने मान्य करून तसे वागावे, एवढीच ही मागणी आहे, आणि ती पुरी होईपर्यंत वस्तीने ती दर रात्री मांडली पाहिजे.